बाप असताना मिशी काढत नाहीत

१९ जुलै २०२४

भूमिकानं आज जेवताना बॉम्बच टाकला! धाकटी बहीण माझी, दिवसभर कोरियन मालिका पाहते. म्हणे, "दादा, तिकडच्या मोठ्या कोर्टानं सांगितलं — दोन माणसं नवरा-बायकोवानी राहून राहिले असतील तं एकाच्या आरोग्य विम्यात दुसऱ्याचं नाव घ्याच लागते."

"दोन माणसं म्हणजे?" आई.

"दोघंही पुरुष, आई."

बाबांचा घास थांबला. "कोर्टाले दुसरं काम नाही काय?"

मी लोणचं मागितलं. भित्रा कुठला!

२१ जुलै, रविवार

दुपारी खुर्सीपारला, चंदनच्या खोलीवर. सात वर्षं झाली आम्हाला. घरच्यांना माहीत आहे ते एवढंच — आपल्या रूपेशचा दोस्त.

त्याला कोरियाचं सांगितलं. "तो चलें?" म्हणाला. मग बाकीचंही सांगितलं — लग्न तिथंही नाही, फौजेत सापडलं तर शिक्षा, आपल्यासारख्यांचा मोर्चा निघाला की समोर चर्चवाले विरोधाला उभे. चंदन हसला, "मतलब भिलाई ही है. बस ठंड ज्यादा."

माझं स्टील प्लांटचं मेडिकल बुक चाळत बसला. माझ्या फोटोखाली घरच्यांसाठी रिकामे चौकोन आहेत. आईच्या मते पहिला सुनेचा. चंदन ठेकेदाराकडे कामाला; ठेकेदार त्याचं दवाखान्याचं कार्ड आज करतो, उद्या करतो म्हणतो. पाकिटातून आपला फोटो काढून त्यानं चौकोनावर ठेवला. "देख, फिट बैठा!"

मग नेहमीचं भांडण. "मूंछ काट ना, चुभती है." अरे बाबा, बाप जिवंत असताना आमच्यात मिशी काढत नाहीत, किती वेळा सांगू! तर म्हणतो, "ठीक है. बाबूजी सौ साल जिएँ, मेरा गाल छिलता रहे."

खूप हसलो आज.

४ ऑगस्ट

चंदनचे डोळे पिवळे. कावीळ. गावाकडची, अहिवाऱ्याची जडीबुटी घेतोय म्हणे. डॉक्टरकडे चल म्हटलं तर "छुट्टी कटेगी". चिडून निघून आलो. चिडायला नको होतं.

११ ऑगस्ट

सकाळी चंदन मला ओळखेना. ऑटोत घालून दवाखान्यात नेला. फॉर्मवर रकाना — रुग्णाशी नातं. पेन हातात धरून उभा राहिलो. मागची बाई म्हणाली, "भैया, जल्दी." लिहिलं — दोस्त.

झालं! "घरवालों को बुलाओ. अंदर सिर्फ घरवाले." त्याचा भाऊ हिरालाल अहिवाऱ्याहून येईपर्यंत तीन तास मी काचेबाहेर. आत चंदन एकटा. भाऊ लिहिलं असतं तर कोण तपासणार होतं? माझ्याच हातानं लिहिलं मी.

१३ ऑगस्ट

गेला.

मी बाहेरच होतो.

१४ ऑगस्ट

अहिवाऱ्याला माती झाली. खांदा मिळाला, थोडा वेळ.

घरी आई म्हणाली, "दोस्त होता, वाईट वाटतेच. पण पोरगी पाहाले जायचं हाय दुर्गला, चेहरा नीट ठेव." आईचा राग येत नाही. तिला कोणी काही सांगितलंच नाही. मीही नाही.

१८ ऑगस्ट

ड्युटी. घर. ड्युटी. मेडिकल बुकात त्याचा फोटो तसाच राहिलाय.

२२ ऑगस्ट

आज दहावा. अहिवाऱ्याच्या तळ्याकाठी घरच्या पुरुषांचं मुंडण — डोकं, दाढी, मिशी सगळं. चुलत भाऊ बसले, ज्यांना चंदन दिवाळीलाही आठवत नसे ते बसले. मलाही राहवेना. न्हाव्यापुढे जाऊन बसलो.

हिरालालनं दंडाला धरून उठवलं. रागानं नाही, समजावून. "तुम तो संगवारी हो भैया. घर के लोग मुड़ाते हैं. और तुम्हारे बाबूजी तो हैं ना?"

आहेत. उठलो. संगवारी म्हणजे दोस्तच, आणि दोस्त म्हणून मीच लिहिलं होतं, मग तक्रार कोणाकडे करू?

बसनं रिसालीला घरी परत. बाबा दारातच. "झालं मुंडण?"

"झालं."

"अन् तुवं?"

"मले नाही करू देलं." निघून गेलं तोंडातून! वर रडूही आलं, बाबांच्या समोर, लहान पोरासारखं. त्यांनी चप्पल घातली आणि बाहेर गेले. आता कळलंच असणार. कसा जेवायला बसू उद्या त्यांच्यासोबत?

२३ ऑगस्ट

सकाळी बाबा न्हाव्याला घेऊन आले. अंगणात पाट मांडला, मला म्हणाले, "बस."

न्हावी घुटमळला. "मूंछ भी? बाबूजी, आप तो सामने खड़े हो."

"मूंछ भी."

आई धावत आली. "अहो, तुमी जिते असताना कावून करून राहिले असं?"

बाबा म्हणाले, "पोराचं माणूस गेलं हाय, कांता. पाणी आण."