मामांना, परीक्षेला बसलेल्या जनसंपर्क अधिकाऱ्याकडून

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे तो सध्या उभ्यानेच घालतो आहे, भावना आडवी समजावी.) तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि तुम्हा दोघांचा कॅरमवरून चाललेला अबोला, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. मी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी परीक्षेला बसलो आहे, तेवढं सोडलं तर.

हसू नका. तुम्ही वायरमन, तुमचा परवाना बैठकीत चौकटीत लावलेला आहे (लहानपणी तो मला कुणा पूर्वजाचा फोटो वाटायचा, एकदा नमस्कारही केला होता). आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात पंप चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र आहे, वेल्डरकडे आहे, पाणी तपासणाऱ्या बाईंकडे तर दोन आहेत. एकोणीस वर्षं जनसंपर्क अधिकारी असलेल्या माझ्याकडे फक्त खुर्ची, आणि तिचाही एक हात डुगडुगतो. नवे साहेब आले आणि त्यांनी सहज विचारलं की तुम्हाला तुमचं काम येतं की नाही हे ठरवतं कोण? मामा, मी चार दिवस विचार करत होतो. लोकांशी बोलायचं काम काय, कुणालाही येतं, असं सगळे म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मीही तेच धरून चाललो होतो. मग या धंद्यातल्या माणसांना तपासून मान्यता देणारी एक संस्था आहे असं कळलं, म्हणून अर्ज केला. मान्यता मिळाली तर माझा विभाग राहतो. नाही मिळाली तर माझं टेबल भांडारात जाणार (मी टेबलासकट), व्हॉल्व्ह मोजायला.

लेखी परीक्षेत तरलो. मुलाखतीला स्वतःचं एखादं काम घेऊन या म्हणाले, तर मी माझी सगळ्यात लाडकी सूचना घेऊन गेलो. गेल्या वर्षी मोठी जलवाहिनी बदलायची होती, तेव्हाची. इंजिनियरांनी मला चिठ्ठी पाठवली होती: 'मंगळवारी आठ ते चार पाणी नाही.' आता इतकं उघडंवाघडं वाक्य लोकांसमोर कसं न्यायचं? 'नाही' काढलं, कारण ते मनाला लागतं. वेळ काढली, कारण तिने वाक्य लांबत होतं. तीन दिवस घासूनपुसून शेवटी छापलं ते असं: 'उद्याच्या भरवशाच्या सेवेसाठी मंगळवारी जलप्रवाहाच्या नियोजनात सुखद बदल.' खाली हसऱ्या थेंबाचं चित्र. जुन्या साहेबांनी माझी पाठ थोपटली होती.

मुलाखतीला समोर तिघं होते. मधल्या बाईंनी सूचना वाचली, उलटून मागची कोरी बाजूही वाचली आणि शांतपणे विचारलं, "किती लोकांनी पाणी भरून ठेवलं?" मी म्हणालो, थेंब लोकांना फार आवडला. त्या म्हणाल्या, "कुणाला विचारलंत?" मामा, एकोणीस वर्षांत मी कुणालाही काहीही विचारलं नव्हतं, नुसता सांगत सुटलो होतो. त्यांनी मला नापास केलं नाही, महिनाभराची मुदत दिली. लोकांना काय समजलं ते विचारायचं आणि जसंच्या तसं आणायचं.

मग काय, वही घेऊन दारोदार. पहिल्या घरी प्रश्न वहीतून वाचून दाखवला, पण तिसऱ्या घरानंतर चटकच लागली. एकच ओळ माणसामाणसाच्या डोक्यात काय काय होते हे बघण्यासारखं असतं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने पाणी जोरात येणार असं समजून नळाला नवा वायसर बसवला होता. मंगळवारी त्याने एका गिऱ्हाइकाला कलप लावला, धुवायला नळ फिरवला आणि नळ नुसताच फुसफुसला. गिऱ्हाईक दुपारपर्यंत डोक्याला टॉवेल गुंडाळून बसून होतं. वाचनालयातल्या बाईंना वाटलं, पोहण्याचा तलाव निघतोय. त्यांनी नाव नोंदवायला फोनही केला होता. (तो मीच उचलला आणि प्रतिसादाबद्दल आभार मानले.)

शिवणकाम करणाऱ्या एक बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि त्या दिवशी घरात अर्धा हंडा पाणी. मला म्हणाल्या, "तुम्ही नुसतं 'पाणी नाही' लिहिलं असतं, तर मी लवकर उठून दोन बादल्या भरल्या असत्या." मी ते वहीत उतरवलं आणि जिन्यात जरा वेळ बसलो. फार वाईट वाटलं. माझं काम 'कुणालाही येतं' असं नाही हे मला तिथे समजलं, कारण मलाच येत नव्हतं.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार, सोंगट्यांना आशीर्वाद.

तुमचा भाचा

ता. क. झळ बसलेल्या एकाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्रही मुलाखतीच्या मंडळाला हवं आहे, आणि ते गोडगोड नको. महिना संपायला नऊ दिवस उरलेत. तुमचं अक्षर चांगलं आहे.

ता. क. दुसरा. त्या मंगळवारी तुम्ही आमच्याकडे उतरला होतात, तोंडाला साबण लावून न्हाणीघरातून ओरडलात, आणि टाकी वॉचमनने भरली नाही असं मी सांगितल्यावर तसेच टॉवेलवर खाली जाऊन त्याला सगळ्या इमारतीसमोर झापून आलात. त्या प्रसंगी माहितीच्या देवाणघेवाणीत किंचित उणीव राहून गेली होती, असं आता मागे वळून पाहता जाणवतं.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करण्याआधी पत्र तुमच्या भाचेसुनेला वाचायला दिलं आणि काय समजलं ते विचारलं. (आता मी सगळ्यांनाच विचारतो, घरात वैतागलेत.) ती म्हणाली, "मामांच्या गुडघ्याची चौकशी आहे, आणि टाकी वॉचमनने भरली नव्हती." तेव्हा मामा, सूचना मी लिहिली होती. पाणी येणार नाही हे मला माहीत होतं. वॉचमनची काहीही चूक नव्हती, मी तुम्हाला खोटं सांगितलं. त्याला आज सकाळी जाऊन सांगितलं, आता तुम्हाला सांगतो आहे. मला माफ करा.