समुद्राची खळ

मूल गाव, पौर्णिमेची संध्याकाळ

आईवर रागावून फायदा नाई, तरी सकाळी रागावलेच.

माझ्या संशोधनाचं तपकिरी समुद्री शेवाळ. मैत्रिणीनं रत्नागिरीहून वाळवून पाठवलेलं. सुट्टीत लॅब बंद, म्हणून घरी आणून ठेवलं होतं. आईला वाटलं, लाखोरीची वाळवलेली भाजी. काल तिनं ते चांगलं उकळलं.

"खारट लागून राह्यली होती व. तुले काऊन एवढा राग येते?"

"आई, त्यातलीच द्रव्यं तपासाची होती मले! पाणी कुठी आहे?"

"फेकलं नाई. भाताच्या पेजेसारखं चिकट होतं, तं साडीले खळ दिली."

विहारात नेसायची पांढरी साडी! मला त्या शेवाळातून काढायचा होता तो चिकट पदार्थ आता सगळा साडीत. रंग चहा सांडल्यासारखा. सरांना काय सांगू? नमुना आईनं नेसला म्हणून?

आणि खरंच तीच नेसून ती विहारात आली. बाया रंगाबद्दल विचारू लागल्या, तर म्हणे, "माह्या पोरीच्या लॅबचा रंग आहे." केवढ्या तोऱ्यात! माझा राग तिथंच संपला बहुतेक.

बुद्धवंदनेला तिच्या शेजारी बसले. वाकली की तिचा कडक पदर करकरायचा. त्याला तोच खारा वास, पार्सल फोडलं तेव्हा आलेला.

समुद्र तिनं कधी पाहिला नाई. मी तरी कुठं पाहिला? नुसतं शेवाळ तपासत बसले.

मैत्रिणीला आत्ताच कळवलं: शेवाळ पुन्हा लागेल. पण पाठवू नकोस, आम्ही दोघी घ्यायला येतो.