बावीस उभी झाडं, एक आडवं

मी, कलाबाई पुंजाजी तायडे, वय ५३, शिक्षण चौथी, धंदा शेती आणि कॉफीची रोपं तयार करणे, राहणार खालची वस्ती, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी दाब टाकलेला नाही; माझ्यावर दाब टाकणारा अजून जन्मायचा आहे. येत्या सोमवारी अकोल्याला माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतो, काही होत नाही. डॉक्टरच्या भरवशावर मी झाडं सोडून जाणार नाही, म्हणून माझ्यामागे काय कोणाचं ते आजच ठरवते.

तहसीलसमोरच्या अर्जनवीसाकडे गेले होते. मी दिराचं नाव घेतलं तर तो म्हणे, "बाई, मृत्युपत्रात असं भांडत नसतात." मी म्हटलं, "मंग कुठं भांडू? मेल्यावर?" आणि कागद ओढून घेतला. आता लिहिते ते सगळं माझं.

१. घर. दोन खोल्या, पुढचा ओटा, मागची न्हाणी, हे माझा मुलगा संघर्ष याला. तो बुलढाण्याला मोबाईलच्या दुकानात असतो, सणाला येतो. घर घ्यावं आणि गप बसावं. वावरावर त्याचा हक्क नाही. वावर पुंजाजीने जिवंतपणीच माझ्या नावावर केलेलं आहे, सातबारा पेटीत आहे. बाप जाऊन दहा दिवस झाले नव्हते तर हा मला म्हणाला, "आई, ते झुडपं उपट न. संत्रा लावू." तेव्हा मी काही बोलले नाही. आज बोलते. झुडूप तुझ्या डोक्यात आहे.

२. बँकेत जे असेल ते विमलबाई इंगळे हिला. किती ते पासबुकात आहे, इथं लिहून कोणाच्या तोंडाला पाणी सुटू द्यायचं नाही. विहीर आटली त्या दोन उन्हाळ्यांत या बाईने माझ्यासोबत नाल्यातल्या झिऱ्यावरून डोक्यावर पाणी आणलं. आधी झाडाला पाजलं, मग आम्ही प्यायलो. गावातल्या बाया हसत होत्या. हसणाऱ्यांना काही ठेवलेलं नाही.

३. नाल्याकाठचं एक एकर, त्यातली जांभळाची सावली, विहिरीची पाळी आणि कॉफीची बावीस मातृझाडं, हे सगळं माझी सून प्रेरणा हिला. संघर्षची बायको म्हणून नाही, प्रेरणा म्हणून. ती त्याच्यासोबत राहो न राहो, झाडं तिची.

ही झाडं आकाशातून पडली नाहीत. पुंजाजी आणि मी चिखलदऱ्याकडे एका कॉफीच्या बागेत मजुरीला होतो. तिथं खोडातून जे फोक सरळ वर निघतात ते खुडून फेकायचं काम बायांकडे. संत्र्यात त्यालाच आपण पाणसोट म्हणतो. एका वर्षी उन्हानं अर्धी बाग गळाली, उरलेली पानांवरच्या तांबेऱ्यानं खाल्ली. बांधावरचं एक झाड मात्र हिरवंगार. मी त्याच्या खाली पडलेले फोक आणि थोड्या फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि एसटीत मांडीवर घेऊन आले. मुकादम म्हणाला, "घेऊन जा, चुलीत तरी जळन."

त्यातली चार जगली. चौथ्या वर्षी फळ आलं. त्याच्या बिया लावल्या, एकशेदहा रोपं झाली. मे महिन्यात मुद्दाम पाणी तोडलं. नऊ उरली. त्या नवांत तांबेरा एकालाच लागला नाही. ही बावीस त्या एकट्याची लेकरं आहेत, बियांची नाही, काड्यांची. सोळा वर्षं गेली त्यात. कोणी साहेब शिकवायला आला नव्हता. फोटो काढायला आले, ते नंतर.

४. आता माझा दीर नागसेन.

नागसेनच्या हाताला कलम लागतं, हे मी नाकारत नाही. संत्र्याच्या कलमात संग्रामपूर तालुक्यात त्याचा हात धरणारा नाही. पण माणसाला एक गोष्ट आली की त्याला वाटतं सगळंच आलं. चार वर्षांमागे पावसाळ्यात, मी अंगणवाडीत मिटिंगला गेले ते पाहून, तो माझ्या वावरात शिरला. मी लवकर परतले. पाहते तर हा फळं लागणाऱ्या, बाजूच्या आडव्या फांद्या कापून पोत्यात भरतो आहे. मला पाहून लाजला नाही. हसला.

"वहिनी, तुमी पाणसोट लावता म्हणे? पाणसोटाले कधी फळ येते का? काडी घ्यावं त फळाच्या फांदीची."

मी म्हटलं, "न विचारता घेऊन राह्यले, भाऊजी."

"घरचंच हाय न. मोठ्या भावाचं वावर. तुमच्याच नावानं इकतो, कलाबाईची कॉफी. तुमचंच नाव होते."

संत्र्यात त्याचं म्हणणं बरोबर आहे. कॉफीत उलटं आहे. कॉफीची आडवी फांदी लावली तर तिला मुळं फुटतात, पानं येतात, पहिल्या वर्षी कोणाला कळत नाही. पण ते झाड जन्मभर आडवंच जातं. काठी बांधा, दोरी बांधा, वर येत नाही. जी फेकायची तीच काडी लावायची. मला हे माझ्या पहिल्याच काड्यांनी शिकवलं. त्यातल्या आडव्या मी तीन वर्षं काठीला बांधून पाहिल्या.

नागसेनने तशी रोपं करून माझ्या नावानं एकेचाळीस शेतकऱ्यांना विकली. आज ती सगळी वावरात लोळत आहेत. बाजारात माणसं मला विचारतात, "काय कलाबाई, तुही कॉफी उठली का झोपीतून?" मोताळ्याहून एक म्हातारा भाड्याची गाडी करून आला, माझ्या ओट्यावर वाळलेलं रोप ठेवून निघून गेला. नागसेन सगळ्यांना सांगतो, "जातच खराब निघाली, वहिनीची हाय." सोळा वर्षांची माझी जात एका पोत्यात खराब झाली.

५. हे कलम मी दोनदा फाडून परत लिहिलं आहे.

त्या दिवशी मी नागसेनला पोतं भरताना पाहिलं, तेव्हा मला माहीत होतं की तो चुकीच्या फांद्या नेतो आहे. एक शब्द पुरे होता. मी बोलले नाही. मनात म्हटलं, ने बे, तोंडावर पड, मग माझ्या ओट्यावर येशील. तो पडला नाही. एकेचाळीस घरं पडली. त्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? राग माझा नागसेनवर होता आणि भोगलं दुसऱ्यांनी. चोरी त्याची, पण गप बसणं माझं. विमलबाईलाही हे आजपर्यंत सांगितलेलं नाही.

६. म्हणून, मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाला जेवणावळ घालू नये. त्या एकेचाळीस जणांना बोलवावं. नावं वहीत आहेत, लाल पुठ्ठ्याची. प्रत्येकाला सरळ फोकाची दोन रोपं द्यावी. पंचाण्णव रोपं सावलीच्या नेटखाली तयार आहेत, प्रेरणाला माहीत आहे. कमी पडली तर तिने आणखी करावी. मोताळ्याच्या म्हाताऱ्याला चार, आणि ती त्याच्या वावरात नेऊन लावून द्यावी. फुकट दिली असं कोणी म्हणू नये. ती त्यांची होती.

७. कलम करायचा चाकू. हा सासऱ्याचा, मग पुंजाजीचा, मग माझा. मूठ शिंगाची आहे, पातं झिजून अर्धं राहिलं आहे. नागसेनने तीन वेळा मागितला. बापाची आठवण म्हणून डोळ्यात पाणी आणून मागितला, ते पाणी खरं होतं. मी तिन्ही वेळा त्याला हाकलून दिलं.

चाकू नागसेनला द्यावा. अट एकच. पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना झाली की त्या एकेचाळीस जणांसमोर उभं राहून त्याने हा कागद वाचावा. कलम पाच आधी, कलम चार नंतर. माझी चूक आधी, त्याची मागून. एक शब्द गाळायचा नाही. मग प्रेरणाने त्याला मातृझाडाशी न्यावं, सरळ फोक कोणता ते बोटानं दाखवावं, आणि त्याने सगळ्यांदेखत त्या चाकूने पहिली काडी कापावी. इतकं केलं तर चाकू त्याचा, आणि माझं भांडण मिटलं. नाही केलं तर चाकूही प्रेरणाचा.

८. ओट्याजवळ एक आडवं झाड आहे. नागसेनच्याच रोपातलं, मी दुसऱ्याच्या हातून मागवून लावलेलं. रोज सकाळी चूळ भरताना ते मला दिसतं. ते संघर्षने घराबरोबर आपलं समजू नये आणि उपटू नये. ते वाटणीत नाही. अर्धं नागसेनचं आहे, अर्धं माझं.

ज्याला वाटा दिला त्याला साक्षीदार घेतलेलं नाही. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना डोळ्यांनी पाहिलं आणि माझ्यासमोर स्वतःच्या सह्या केल्या.

सही: कलाबाई पुंजाजी तायडे

साक्षीदार:
१. भगवंतराव सोनाजी वानखडे, निवृत्त पोस्टमन, संग्रामपूर (सही)
२. पूनम गोकुळ दाभाडे, अंगणवाडी सेविका, खालची वस्ती (सही)

ठिकाण: खालची वस्ती, ता. संग्रामपूर
दिनांक: १२ जून २०२५

सही झाल्यावर लिहिलेलं: सोमवारी मी वाचले तर हा कागद मी स्वतः वाचीन, त्याच एकेचाळीस जणांसमोर. मरायची वाट पाहणार नाही. नागसेनने चाकूसाठी तयार राहावं.

सही: कलाबाई
सह्या: भगवंतराव वानखडे, पूनम दाभाडे