मृणालची तयारी

रविवार, संध्याकाळ

आमच्या घरात 'बेकार' ही शिवी आहे. बेकारीला इथे 'तयारी' म्हणतात. भाची मृणाल चार वर्षं तयारीत आहे. आज काटोलचे संत्र्याचे व्यापारी मुलासाठी तिला बघायला आले. मुलाच्या आईनं विचारलं, "काय करून राहिली वं सध्या?"

ताईच घाईनं म्हणाली, "स्पर्धा परीक्षेची तयारी." तयारी! पोहे खाता खाता सगळ्यांच्या माना समाधानानं हलल्या.

मृणाल म्हणाली, "सोडली मी तयारी. बेकार आहे. नोकरी शोधून राहिली."

चमचे थांबले. ढोंगी लेकाचे! आणि मी, ढोंगावर विनोद लिहून पोट भरणारा? मीच हसून म्हणालो, "गंमत करते ती." काहून बोललो?

तिनं माझ्याकडे पाहिलं. "हो मामा, गंमतच," म्हणाली, आणि चहा आणायला आत गेली.