चाकाच्या कुलपाची दुसरी चावी

प्रिय दादा,

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू अर्ध्यावरच फोन लावला असतास, आणि मग बोलणं तुझंच झालं असतं. म्हणून कागद. हा बोरीवलीला पोचेल तेव्हा तो तुला शेवटपर्यंत वाचावा लागेल.

सायकलला नवीन कुलूप बसवलं. मागच्या चाकावर कायमचं जोडलेलं, गोल कडीचं, आधीसारखंच. साखळी घ्यायची नव्हती. साखळीला खांब लागतो आणि पवईत आमच्या ऑफिसखाली मोकळा खांब मिळत नाही. चाकावरच्या कुलपात काय कमी आहे ते मला माहीत आहे. चाक फिरत नाही, पण सायकल उचलून नेता येते. हे मी स्वतः करून पाहिलंय, तुझ्या कृपेने.

त्या रविवारी तू जेवायला आला होतास. जुन्या कुलपाची चावी कुलूप उघडं असताना निघायचीच नाही, तिथेच अडकून राहायची. सायकल जिन्याखाली, सगळे ओळखीचे, म्हणून मीही कुलूप लावलं नव्हतं. जाताना तू खटका दाबलास, चावी काढलीस आणि खिशात टाकून गेलास. सकाळी मी फोन केला तर म्हणालास, "चावी माझ्याकडे सेफ आहे. रिक्षाने जा. साकीनाक्याला पुन्हा पडलीस तर आईला काय सांगू मी?" पडले होते, खरं आहे. कोपर माझं सोललं होतं. निर्णय तू घेतलास.

मी रिक्षा केली नाही. मागचं चाक हाताने उचलून धरलं आणि सायकल वाकोल्याच्या बाजारातून ढकलत नेली. लोक बघत होते. मासळीवाली सोनूबाई पाटीमागून ओरडली, "काय गं ऋतिका, स्वतःचीच सायकल चोरतेस?" मी म्हटलं, हो. सायकलवाल्या जयवंतने ग्राइंडरने कडी कापली. तेव्हा तुझ्याकडची चावी आता कशालाच लागत नाही. हवी तर ठेव.

मग जयवंतने दोन नवीन कुलपं समोर ठेवली. एक जुन्यासारखं, चावी अडकून राहणारं. दुसऱ्याची चावी कुलूप उघडं असतानाही काढता येते. तो पहिलंच घ्या म्हणत होता. "ताई, यात चावी हरवायची भीतीच नाही. दुसरं घ्याल, चावी घरी विसराल, सवयीने खटका दाबाल आणि बसाल बोंबलत." त्याचं बरोबर आहे. बहुतेक लोकांनी पहिलंच घ्यावं. पण मी ऑफिसात दिवसभर वस्तू तुटेपर्यंत तपासते, आणि दरवेळी एकच विचारते, आधी काय निकामी होतं? आपल्या जुन्या कुलपाचा पत्रा चांगला होता, स्प्रिंग चांगली होती. फक्त जो कोणी शेजारी उभा राहील तो मालक व्हायचा. नव्या कुलपाचा खटका कोणीही दाबू दे. चावी माझ्या खिशात, उघडणार मी. टायर कडीला घासत नाही आणि ब्रेक आड येत नाही हे बघून दुसरं घेतलं. विसरले तर पुन्हा उचलून नेईन. रस्ता माहीत आहे.

तुला वाटतं मी हट्ट करते. शाळेमागच्या मैदानावर मला सायकल शिकवलीस ते आठव. मागून सीट धरून धावायचास आणि ओरडायचास, "मी आहे, पुढे बघ." एकदा वळून पाहिलं तर तू पार कंपाउंडच्या भिंतीशी उभा, हात खिशात. मी तुझ्याशी संध्याकाळभर बोलले नव्हते. पण चालवत होते. त्या दादाला पुढे काय झालं, मला कळत नाही.

बाबा गेल्यापासून घरातली प्रत्येक दुसरी चावी तुझ्याकडे जाते. दाराची, कपाटाची, आईच्या ट्रंकेचीसुद्धा. कोणी ठरवलं नाही, मोठा मुलगा म्हणून तसं होत गेलं. आईची चावी सापडेनाशी झाली की ती स्वतःच्याच ट्रंकेसमोर तुझी वाट बघत बसते. परवा तू फोनवर सहज म्हणालास, "नवीन कुलूप घेतलंस ना, दुसरी चावी रविवारी घेऊन जातो." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नाही म्हणायला हे पत्र.

दुसरी चावी तुला मिळणार नाही. ती आईकडे आहे, पदराच्या सेफ्टीपिनेला. सायकल उचलून नेली त्या संध्याकाळी तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माका पण शिकव गो." मला वाटलं थट्टा करतेय. आता रोज सकाळी आम्ही मैदानावर असतो. आई पदर खोचून, माझे बूट घालून. दोनदा पडली. गुडघ्याला हळद लावली आणि म्हणाली, "आता माका कोण अडवता ता बघतंय." दादा, कुलूप तीच उघडते. मला हात लावू देत नाही. रविवारी यायचं तर जेवायला नको, सकाळी मैदानावर ये. मागून सीट धरून धावायला माझा दम पुरत नाही. फक्त सोडायची वेळ आली की सोड. तुला ते येतं, मी पाहिलंय.

तुझीच, पण सायकल माझी आणि आईची,
ऋतिका