बत्तीसशेचा हट्ट

३ मार्च
लेकीचा वास्तुकलेचा शेवटचा प्रकल्प : म्हाताऱ्या माणसांसाठी घर. चार महिन्यांची चित्रं, सगळी घरच्या कॉम्प्युटरवर. २८ला जमा करायची, नाहीतर वर्ष गेलं. कॉम्प्युटर रखडतो. मेमरी वाढवायचं मनावर घेतलं आहे. ती म्हणाली, बाबा, काम जमा होईपर्यंत हात लावू नका. गुणी पोर. बापाला त्रास नको म्हणते.

६ मार्च
मेमरीच्या नव्या दोन पट्ट्या आणल्या, डब्यावर वेग ३२००. जुन्या दोन २४००च्या. चारही बसवल्या, हात जोडले, बटण दाबलं. वेग २४००! वाचलं तेव्हा कळलं, एकत्र बसवल्या की सगळ्या सर्वांत संथ पट्टीच्या चालीने चालतात. आमच्या शाळेत मागच्या बाकावरच्या एकासाठी अख्खा वर्ग सतराच्या पाढ्यात अडकायचा, तसंच. जुन्या काढल्या.

७ मार्च
नुसत्या नव्याही २४००वरच. बोर्ड आपणहून सावध चाल धरतो, डब्यावरचा वेग आपण सेटिंगमध्ये निवडायचा. निवडला. कॉम्प्युटर तिसऱ्या खेपेला सुरू झाला. नवीन आहे, बुजतोय.
आजपासून रोज लेकीच्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर. कालची पुसायची, आजची ठेवायची. घरात एक तरी माणूस दक्ष हवा.

११ मार्च
दोनदा निळा पडदा येऊन कॉम्प्युटर बंद पडला. विजेचा दोष. ही म्हणाली, अहो, मिक्सर तर बरा चालला होता. मिक्सर आणि कॉम्प्युटर यांतला फरक हिला समजावला. ऐकलं नाही. प्रत घेतली.

१४ मार्च
मेमरी तपासायचा प्रोग्रॅम मिळाला. दहा मिनिटांत सात लाल ओळी. म्हणजे मेमरीने एक ठेवलं आणि दुसरंच परत दिलं. चाचणी बंद केली. आता एकही लाल ओळ नाही.
प्रत घेतली.

१७ मार्च
कामावर, ट्रकच्या वजनकाट्यावर, आज कटकट. काटा चाळीस टनांचा, ट्रक सरळसरळ जास्त भरलेला. परत पाठवला. ड्रायव्हर म्हणाला, मामा, तुमचा काटा पन्नाससुद्धा घेतो, बघितलंय मी. म्हटलं, घेतो रे, पण मग खरं सांगत नाही. शिव्या देत गेला. मर्यादा न ओळखणाऱ्या माणसाची कीव येते.
घरी निळा पडदा, तीनदा. प्रत घेतली.

२० मार्च
तिच्या एका चित्रात जिन्याच्या जागी करड्या रेघा. तिने विचारलं, तुम्ही काही केलंत का? म्हटलं, पट्ट्या नव्या आहेत, एवढंच. वेगाचं तिने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. खोटं बोललो नाही.
देवापुढे आज जरा जास्त वेळ बसलो. उठून चोवीसशेवर आणावं असं दोनदा मनात आलं. पण आठ दिवसांवर आलेल्या कामात वेग कमी करणं म्हणजे पोरीशी वैर. प्रत घेतली.

२४ मार्च
सकाळी फाइल उघडेना. लेक बटण दाबत राहिली. मी पेनड्राइव्ह पुढे केला. अठरा दिवस याच क्षणासाठी राबलो होतो. तिने तो लावला. त्यातली प्रतही उघडेना.

२५ मार्च
दुरुस्तीवाला आला. वयाने माझ्याहून मोठा, बोलणं कमी. म्हणाला, या प्रोसेसरला सव्वीसशे सहासष्टपर्यंतच झेपतं. मी म्हटलं, पण सेटिंगमध्ये बत्तीसशे लिहू देतो.
"लिहू देतो. झेपेल असं कुठे म्हणतो?"
मग त्याने विचारलं, प्रत याच मशीनवरून घेत होतात? मी हो म्हटलं. रोज? रोज. तो लेकीकडे बघत राहिला, माझ्याकडे नाही. प्रत मेमरीतूनच जाते म्हणाला. बिघडलेली रोज चांगलीवर लिहिली गेली.
लेक म्हणाली, "बाबा, एक दिवस तरी विसरायचं होतंत."

२८ मार्च
मुदत संपली. लेक परवापासून मैत्रिणीकडे आहे, तिथे पहिल्यापासून काढते आहे. पुढच्या वर्षी जमा करेल. ही तिचे कपडे पोहोचवायला गेली आहे.
वेग चोवीसशे. जुन्या पट्ट्याही परत बसवल्या. तीन तास चाचणी चालवली, एकही लाल ओळ नाही. सांगायला म्हणून उठलो. घरात कोणी नव्हतं.