चादरीची दुसरी दोन टोकं

ता. ९ मार्च

प्रिय ताई,

मठात तू सगळ्यांची सिस्टर असलीस तरी मला ताईच. तब्येत कशी आहे? गुडघ्यांना तेल लावतेस ना?

काल उगाच आठवलं. बोर्डिंगच्या गच्चीवर आपण वेदीच्या चादरीची घडी घालायचो. दोन टोकं तुझ्याकडे, दोन माझ्याकडे. ताणायची, झटकायची आणि चालत एकमेकींकडे यायचं. बोटं भिडली की तू हळूच चिमटा काढायचीस. मी किंचाळले की मदर ओरडायच्या, "देवाचं कापड आहे, त्यावर खिदळू नका!"

इकडे सगळं ठीक. गुलाबाला कळ्या आल्यात. चर्चचं धुणं मात्र आता माझ्याकडे येत नाही. वेदीच्या चादरी, मिस्साच्या द्राक्षारसाचा प्याला पुसायचे रुमाल, इतकी वर्षं मीच धूत आले. परवा महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई दारातूनच म्हणाल्या, "आता तुम्ही आराम करा." मी म्हटलं, "पण मी दमलेय कुठे?" त्या आपल्या चपलांकडे बघत राहिल्या.

कारण तुला ठाऊक आहे. लेकीने मैत्रिणीबरोबर संसार थाटला, दोघींनी बाळ दत्तक घेतलं आणि त्याच्या बाप्तिस्म्याला मी पहिल्या बाकावर बसले. फादरांनी डोक्यावर पाणी घातलं, तेव्हा "आमेन" म्हणणारा आवाज माझा एकटीचाच. तेव्हापासून माझ्या बाकावर ऐसपैस जागा असते. तुलाही आमंत्रण धाडलं होतं. टपालाचा हल्ली भरवसा नाही, असं मी लेकीला सांगितलं.

एकटीला चादरीची घडी जमत नाही गं. एक टोक हनुवटीखाली, एक दाराच्या कडीत. गेल्या आठवड्यात लेकीची ती आली होती. (तिला सून म्हणावं की जावई, हे माझं अजून ठरत नाही, म्हणून नुसतं 'पोरी' म्हणते.) माझी कसरत बघून तिने दोन टोकं उचलली, ताणली, झटकली आणि चालत आली. बोटं भिडली. मी डोळे मिटून घेतले. चिमटा काही आला नाही.

बरं, गुरुवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. किरकोळ आहे म्हणतात डॉक्टर, म्हणताना हसतात मात्र फार. लेकीशी हे बोलवत नाही, म्हणून तुला लिहिते.

काही झालंच, तर इस्त्री महिला मंडळाला दे. राग धरून गेले असं नको. त्यांना सांग, रुमालांचं पहिलं पाणी मोरीत ओतायचं नसतं. प्रभूच्या रक्ताचा थेंब असतो त्यात. मी गुलाबाच्या मुळाशी घालायचे. घर लेकीचं. आईने शिवलेला, आपण दोघींनी बाप्तिस्म्याला घातलेला झगा बाळाच्या अंगाला नीट बसला. तो त्याच्याकडेच राहू दे. माझी जपमाळ पोरीला.

तुला काही ठेवलेलं नाही. दोरीवर चादर वाळत असेल. पोरी दोन टोकं धरील. उरलेली दोन तू येऊन धर, आणि तिलाही एक चिमटा काढ.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी धाकटी